झोपलेला लॅपटॉप मध्येच जागा होतोय? आधी उठवणारा शोधा

रात्री झाकण लावून ठेवलेला लॅपटॉप सकाळी उघडावा, तर बॅटरी जेमतेम दहा टक्के उरलेली. किंवा ऑफिसला पोहोचून बॅगेतून बाहेर काढताना त्याचा तळ हाताला चटका बसेल इतका तापलेला. किंवा घरात सामसूम असताना त्याचा फॅन अचानक घरघरायला लागतो आणि स्क्रीनचा उजेड भिंतीवर पडतो. लक्षणं तीन असली तरी दुखणं एकच आहे: स्लीपमध्ये टाकलेलं मशीन आपण न उठवता उठतंय.

अशा वेळी बहुतेक जण सापडेल ती सेटिंग बदलत सुटतात. एकाने सांगितलं म्हणून माउसची टिक काढली, दुसऱ्याने सांगितलं म्हणून अपडेट बंद केले, तिसऱ्याने सांगितलं म्हणून विंडोज नव्याने टाकलं. त्यातून कधी गुण येतोही, पण कशाने आला ते कळत नाही. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर तेच दुखणं परत आलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. याची मुळीच गरज नाही. मशीन कोणी उठवलं याची नोंद विंडोज बहुतेक वेळा स्वतःच ठेवतं. ती वाचायची, तिच्यावरून एकच बदल करायचा, एक रात्र जाऊ द्यायची आणि मग पुढचं ठरवायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने आहेत. भर विंडोज १० आणि ११ वर आहे. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

कमांड टाइप करण्याआधी

यात काही कमांड लागतील. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून विंडोज ११ मध्ये 'टर्मिनल (अ‍ॅडमिन)' आणि विंडोज १० मध्ये 'विंडोज पॉवरशेल (अ‍ॅडमिन)' उघडा. 'अ‍ॅडमिन' लिहिलेलंच निवडा, कारण यातल्या काही कमांड साध्या खिडकीत चालत नाहीत.

इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत, पण त्या टाइप करायच्या इंग्रजी छोट्या अक्षरांत. प्रत्येक कमांडची सुरुवात 'पॉवरसीएफजी'ने होते: 'पॉवर' हा इंग्रजी शब्द आणि त्याला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं. त्यानंतर एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ आणि रेघेला चिकटून पुढचा शब्द. मधला शब्द दोन शब्दांचा वाटला तरी तो जोडूनच लिहायचा.

पायरी १: मशीन उठतंय, की मुळात झोपतच नाही?

हा फरक फार जणांच्या लक्षात येत नाही. स्क्रीन बंद झाली म्हणजे मशीन झोपलं, असं नाही. एखाद्या प्रोग्रॅमने 'मला काम आहे, झोपू नकोस' अशी विनंती लावून ठेवलेली असू शकते. ती पाहण्यासाठी:

पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स

उत्तरात डिस्प्ले, सिस्टिम, अवेमोड, एक्झिक्यूशन अशी शीर्षकं येतात. प्रत्येकाखाली 'नन' (कोणी नाही) असेल तर कोणीही अडवत नाहीये. एखाद्या शीर्षकाखाली नाव दिसलं, तर अडवणारा तोच. बहुतेक वेळा तो ब्राउझरमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ किंवा उघडी राहिलेली ऑनलाइन मीटिंग निघते. ऑडिओ ड्रायव्हरचं (आवाजाचा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं) नाव दिसलं तर आवाज वापरणारं काहीतरी उघडं आहे. ते बंद करा आणि कमांड पुन्हा चालवून पाहा.

यादी मोकळी आहे आणि तरीही रात्री मशीन जागं सापडतं, तर ते खरोखर उठतंय. मग पुढे चला.

पायरी २: तुमच्या लॅपटॉपची झोप कोणत्या प्रकारची?

पॉवरसीएफजी /ए

ही कमांड मशीनला कोणकोणत्या झोपा येतात ते सांगते. बघायचं एवढंच, की वरच्या भागात 'स्टँडबाय एस ३' आहे की 'स्टँडबाय एस ० लो पॉवर आयडल'. बाकीचा लेख वाचताना हे उत्तर सतत लागणार आहे.

एस ३ ही जुनी, गाढ झोप. प्रोसेसर बंद होतो, फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते, आणि उठवण्याचा अधिकार मोजक्या भागांना असतो: पॉवर बटण, झाकण, यूएसबी, नेटवर्क कार्ड, घड्याळाचा टायमर. कोणीतरी उठवल्याशिवाय असं मशीन उठत नाही, त्यामुळे उठवणारा सहसा सापडतो.

एस ० म्हणजे मॉडर्न स्टँडबाय. विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये 'कनेक्टेड स्टँडबाय' म्हणून हा प्रकार आला आणि विंडोज १० पासून त्याला आत्ताचं नाव मिळालं. इथे मशीन खिशातल्या मोबाइलसारखं असतं: स्क्रीन काळी, पण आत अधूनमधून काही क्षण जाग. मेल येतात, नेटवर्क टिकून राहतं, अपडेटची चौकशी होते. ही जाग काही सेकंदांची असावी अशी अपेक्षा आहे. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम ती लांबवत राहिला की बॅग तापते. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एस ३ उरलेलाच नाही, त्यामुळे जुने सल्ले तिथे अर्धेच लागू पडतात.

इंटरनेटवर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) एक नोंद घालून एस ० बंद करण्याचा उपाय खूप फिरतो. माझा सल्ला: त्याच्या वाटेला जाऊ नका. मशीनच्या फर्मवेअरमध्ये (हार्डवेअरमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एस ३ ची सोयच नसेल, तर या बदलानंतर दोन्ही झोपा जातात, किंवा झोपलेलं मशीन नीट उठत नाही. लेनोव्होच्या काही थिंकपॅडमध्ये बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्येच) 'स्लीप स्टेट' नावाचा पर्याय असतो. तिथून बदल करणं वेगळं, कारण ती सोय बनवणाऱ्यानेच दिलेली असते.

पायरी ३: उठवणाऱ्याचं नाव काढा

मशीन आपोआप उठलेलं दिसलं की त्याला परत झोपवण्याआधी ही कमांड चालवा:

पॉवरसीएफजी /लास्टवेक

मशीन शेवटचं कशामुळे जागं झालं, एवढंच ही सांगते. मशीन रात्री उठून परत झोपलं आणि सकाळी तुम्ही पॉवर बटण दाबून उठवलंत, तर उत्तरात तुमचंच बटण दिसेल. एस ० मशीनवर तर इथे अनेकदा शून्यच येतं. म्हणून मी इव्हेंट व्ह्यूअरवर जास्त भरवसा ठेवतो. तिथे जुन्या नोंदी राहतात.

स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा. डाव्या बाजूला 'विंडोज लॉग्ज' उघडून 'सिस्टिम' निवडा. उजव्या बाजूच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये इव्हेंट सोर्स म्हणून 'पॉवर-ट्रबलशूटर' निवडा. आता मशीन जागं झाल्याची प्रत्येक वेळची एकेक नोंद दिसेल, जिचा इव्हेंट क्रमांक १ असतो. नोंद उघडली की तीन ओळी महत्त्वाच्या: स्लीप टाइम (झोपल्याची वेळ), वेक टाइम (उठल्याची वेळ) आणि वेक सोर्स (उठवणारा).

वेळ वाचताना इथे गफलत होते. या दोन्ही वेळा नोंदीच्या आत जागतिक वेळेनुसार लिहिलेल्या असतात. भारतात बसून वाचताना त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे १४ तारखेचे २०:३० असं दिसलं, तर आपल्याकडे ती १५ तारखेची रात्रीची २ ची वेळ. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असाल तर तिथला फरक धरा. हा हिशेब न केल्यामुळे 'तेव्हा तर मी स्वतःच लॅपटॉप वापरत होतो' असा गैरसमज होतो आणि खरा सुगावा हातचा जातो.

एस ० मशीनवर याच सिस्टिम लॉगमध्ये 'कर्नल-पॉवर' या सोर्सच्या ५०६ आणि ५०७ क्रमांकाच्या नोंदी पाहा. ५०६ म्हणजे मशीन मॉडर्न स्टँडबायमध्ये गेलं, ५०७ म्हणजे बाहेर आलं. दोन्हींत 'रीझन' (कारण) लिहिलेलं असतं: लिड (झाकण), पॉवर बटण, माउस, कीबोर्ड वगैरे.

शक्य असेल तर दोन-तीन रात्रींच्या नोंदी एका कागदावर उतरवा. वेळ दर रात्री तीच असेल तर संशय टायमरवर. वेळ रोज वेगळी असेल तर माउस, नेटवर्क किंवा वीज. उठून दोन मिनिटांत मशीन परत झोपत असेल तर तेही लिहून ठेवा, कारण समोर माणूस नसताना आलेल्या जागेनंतर परत झोपण्याची विंडोजची मूळ मुदत २ मिनिटांची आहे. टायमरने किंवा नेटवर्कने उठलेलं मशीन असं वागतं. स्क्रीन उजळून ते सेटिंगमधल्या पूर्ण वेळेपर्यंत चालू राहिलं, तर विंडोजला वाटलंय की समोर माणूस आहे. म्हणजे माउस, कीबोर्ड, झाकण किंवा बटण.

नोंदीत 'टायमर' आलं तर

पॉवरसीएफजी /वेकटायमर्स

या कमांडने पुढच्या वेळी कोण उठवणार आहे ते आधीच कळतं. उत्तरात कोणत्या सर्व्हिसने टायमर लावला, तो किती वाजता संपणार आणि कोणत्या कामासाठी, हे तिन्ही असतं. 'अपडेट ऑर्केस्ट्रेटर' हे नाव दिसलं तर ते विंडोज अपडेटचं काम. 'मेंटेनन्स' दिसलं तर विंडोजची रोजची देखभाल. तिची मूळ वेळ रात्री २ ची आहे, आणि रात्री दोनला जागा होणारा लॅपटॉप इतक्या घरांत का आढळतो त्याचं हे एक मोठं कारण. याखेरीज अँटिव्हायरसचं स्कॅन, बॅकअप प्रोग्रॅम आणि लॅपटॉप बनवणाऱ्याने सोबत दिलेलं अपडेटचं अ‍ॅप हेही टायमर लावू शकतात.

सरसकट उपाय असा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनसमोरचं 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', मग 'चेंज अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'. तिथे 'स्लीप'खाली 'अलाउ वेक टायमर्स' असतं. 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन' या दोन्हींपुढे 'डिसेबल' करा. एकच बदलून दुसरं विसरलं जाणं फार सामान्य आहे. 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली' हा मधला पर्याय बरा वाटतो, पण अपडेटनंतरच्या रीस्टार्टसारखी कामं त्याला महत्त्वाचीच वाटतात, म्हणून रात्रीची जाग त्याने थांबेलच असं नाही. एस ० मशीनवर ही ओळ कधी कधी दिसतच नाही.

मग देखभालीकडून मशीन उठवण्याचा परवाना काढून घ्या. कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स', त्यात 'मेंटेनन्स', त्याखाली 'चेंज मेंटेनन्स सेटिंग्ज'. ठरलेल्या वेळी कॉम्प्युटर उठवण्याची टिक तिथे असते, ती काढून टाका. देखभाल बंद पडत नाही, मशीन चालू आणि मोकळं असताना ती होते.

एकाच कामाला अडवायचं असेल तर 'टास्क शेड्युलर' उघडून त्या कामाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कंडिशन्स' टॅबवर जा आणि 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क'ची टिक काढा. बॅकअप किंवा अँटिव्हायरससाठी हा मार्ग चांगला. विंडोज अपडेटच्या कामांत मात्र हात घालू नका. ती बदलू दिली जात नाहीत, आणि बदलली तरी अपडेट त्यांना मूळ रूपात आणतं.

रात्री मुद्दाम लावलेला बॅकअप वेक टायमर बंद केल्यावर चालणार नाही. तो दुपारच्या जेवणाच्या वेळेवर घ्या.

नोंदीत यूएसबी, माउस किंवा कीबोर्ड आलं तर

आधी यादी काढा, उठवण्याचा परवाना कोणाकोणाला आहे त्याची:

पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड

शेवटच्या दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर आहे, जागा नाही. उत्तरात बहुधा 'एचआयडी-कंप्लायंट माउस', 'एचआयडी कीबोर्ड डिव्हाइस', नेटवर्क कार्ड अशी नावं येतात. एकाच नावाचे दोन-तीन माउस दिसले तर गोंधळू नका. वायरलेस माउसचा तो छोटा रिसीव्हर काढा, कमांड पुन्हा चालवा, जे नाव गेलं तो तुमचा माउस.

वायरलेस माउस हा यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार. टेबल हललं, मांजर चाललं, शेजारच्या खोलीत मिक्सर फिरला, की त्याचा प्रकाशकिरण हालचाल झाली असं समजतो. रिसीव्हर लॅपटॉपलाच खोचलेला आणि चालू माउस त्याच बॅगेत, हे तर लॅपटॉप तापण्याचं अगदी नेहमीचं कारण. ब्लूटूथ माउसही उठवू शकतो.

परवाना काढून घेण्यासाठी डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस'खाली तो माउस शोधा, प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर जाऊन 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर'ची टिक काढा. बाहेरून कीबोर्ड जोडत असाल तर 'कीबोर्ड्स'खाली त्याचंही तेच. लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डचा परवाना राहू द्या. सगळ्यांचेच परवाने काढून टाकले आणि एखाद्या दिवशी झाकणाचा सेन्सर बिघडला, तर उठवायला फक्त पॉवर बटण उरतं.

पॉवर मॅनेजमेंट टॅबच नसेल, तर तो परवाना बायोसच्या हातात आहे किंवा मशीन एस ० प्रकारचं आहे. मग माउस बॅगेत टाकताना त्याच्या पोटाखालचा स्विच बंद करणं हाच सरळ उपाय.

वेक सोर्समध्ये माउसऐवजी नुसतं 'यूएसबी रूट हब' किंवा 'होस्ट कंट्रोलर' आलं, तर त्या पोर्टला लावलेलं काहीही असू शकतं: डोंगल, पेन ड्राइव्ह, डॉक, यूएसबी पोर्ट असलेला मॉनिटर. रात्री सगळं काढून ठेवा. लॅपटॉप शांत झोपला तर दुसऱ्या रात्रीपासून एकेक परत लावत जा.

नोंदीत नेटवर्क कार्ड आलं तर

ऑफिसातली आयटीची माणसं रात्री अपडेट टाकण्यासाठी दूरवरून मशीन उठवतात. त्या सोयीचं नाव 'वेक ऑन लॅन'. त्यासाठी 'मॅजिक पॅकेट' नावाचा संदेश पाठवतात: सुरुवातीला सहा ठरावीक बाइट आणि पुढे त्याच नेटवर्क कार्डचा पत्ता सोळा वेळा, म्हणजे एकूण १०२ बाइट. असा संदेश घरातल्या राउटरवर सहजासहजी फिरत नाही. घरी मशीन उठतं ते बहुधा 'पॅटर्न मॅच' या जास्त सैल परवान्यामुळे. त्यात नेटवर्कवरच्या साध्या चौकशीनेही कार्ड जागं होतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर्स'खालच्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर, दूरवरून उठवण्याची गरज असेल तर 'ओन्ली अलाउ अ मॅजिक पॅकेट टू वेक द कॉम्प्युटर'वर टिक करा. गरज नसेल तर उठवण्याचा परवानाच काढून घ्या. शिवाय 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर 'वेक ऑन पॅटर्न मॅच' दिसलं तर ते 'डिसेबल्ड' करा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर आधी आयटीला विचारा.

वीज, झाकण आणि बायोस

आपल्याकडे हा भाग विशेष महत्त्वाचा. लाइट जाते, इन्व्हर्टर चालू होतो, लाइट परत येते, आणि प्रत्येक वेळी चार्जरचा प्रवाह क्षणभर तुटून जुळतो. मॉडर्न स्टँडबायच्या मशीनवर चार्जर लागल्याचा किंवा निघाल्याचा इशारा स्क्रीन उजळवू शकतो. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये तर वीज आली की मशीन चालू करण्याचा पर्यायच असतो. डेलमध्ये त्याचं नाव 'वेक ऑन एसी'. तुमच्या कागदावरच्या वेळा आणि लाइट गेल्या-आल्याच्या वेळा जुळत असतील, तर हेच कारण समजा.

बायोसमध्ये जाण्यासाठी मशीन सुरू होताना एफ २, एफ १०, डिलीट किंवा एफ १ यांपैकी तुमच्या कंपनीचं बटण दाबावं लागतं. तिथे पॉवर या विभागात चार गोष्टी पाहा: वेक ऑन एसी, वेक ऑन लॅन, यूएसबी वेक सपोर्ट आणि ठरलेल्या वेळी मशीन चालू करणारा 'ऑटो ऑन टाइम'. लागत नसलेलं बंद करा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून कंपनीत वापरलेला, दुरुस्त करून विकलेला लॅपटॉप घेतला असेल तर ही तपासणी नक्की करा. विंडोज नवं टाकलेलं असलं तरी बायोसमधल्या जुन्या कंपनीच्या सेटिंग्ज तशाच राहिलेल्या असू शकतात. आणि लेनोव्होच्या काही मॉडेलमध्ये झाकण उघडताच बंद मशीन सुरू करणारी 'फ्लिप टू बूट' सोय असते. ती नको असेल तर तीही इथेच बंद होते.

वेक सोर्समध्ये 'एसीपीआय लिड' किंवा रीझनमध्ये 'लिड' आलं, तर झाकणाकडे बघा. आजच्या लॅपटॉपमध्ये झाकण बंद आहे हे चुंबक आणि ते ओळखणारा हॉल सेन्सर यांच्यावरून कळतं. म्हणून बॅगेच्या फ्लॅपमधलं चुंबक, मोबाइलच्या चुंबकी कव्हरची पट्टी किंवा वर ठेवलेला दुसरा लॅपटॉप या सेन्सरला फसवू शकतो. बिजागरी सैल होऊन झाकण थोडंसं उघडं राहणं हे जुन्या मशीनचं दुखणं. ते दुरुस्तीवाल्याकडेच न्यावं लागतं.

वेक सोर्स 'अननोन' असेल तर

ही नोंद पाहून निराश व्हायचं कारण नाही. उठवणारा विंडोजच्या खालच्या थरातला आहे, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे झाकण, वीज, बायोस किंवा एम्बेडेड कंट्रोलर (पॉवर, कीबोर्ड वगैरे सांभाळणारी आतली छोटी चिप). मग वगळत जायचं. पहिल्या रात्री यूएसबीला लावलेलं सगळं काढून. दुसऱ्या रात्री वायफाय आणि ब्लूटूथही बंद करून. तिसऱ्या रात्री चार्जर काढून. ज्या रात्री मशीन शांत झोपेल, त्या रात्री जे काढलं होतं ते कारण. बायोसचं नवं अपडेट आलेलं असेल तर ते बनवणाऱ्याच्याच अ‍ॅपमधून टाका, चार्जर लावलेला असताना, आणि लाइट जाण्याची शक्यता असेल तेव्हा मुळीच नाही.

एस ० मशीन आणि तापलेली बॅग

मॉडर्न स्टँडबायच्या मशीनवर प्रश्न बहुतेक वेळा 'कोणी उठवलं' एवढाच नसतो. 'झोपेत असताना काम कोण करत होतं' हेही पाहावं लागतं, आणि त्याचं उत्तर देणारी कमांड फार कामाची आहे:

पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी

ही एक अहवाल बनवते आणि तो कुठे ठेवला ते सांगते. फाइल ब्राउझरमध्ये उघडा. गेल्या तीन दिवसांतली प्रत्येक झोप तिथे ओळीने दिसते: किती वेळ, किती बॅटरी गेली, आणि त्यातला किती वेळ मशीन खरोखर कमी विजेच्या अवस्थेत होतं. लाल रंगाच्या ओळीवर क्लिक केलं की 'टॉप ऑफेंडर्स' अशी यादी येते. वायफायचं कार्ड, ऑडिओचा ड्रायव्हर, यूएसबी कंट्रोलर, एखादं अ‍ॅप, जे नाव वर असेल त्याच्यापासून सुरुवात करा. ड्रायव्हर असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा नवा ड्रायव्हर घ्या. भलत्याच 'ड्रायव्हर अपडेटर' प्रोग्रॅमच्या नादी लागू नका.

अहवालात कमी विजेचा वेळ शंभर टक्क्यांच्या जवळ असूनही बॅटरी उतरत असेल, तर झोप नीट आहे. मग बॅटरीच म्हातारी झाली असेल. 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' चालवून मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता यांची तुलना करा.

एक सवयही लावून घ्या: आधी चार्जर काढा, मग झाकण लावा. चार्जर लावलेला असताना मशीन झोपलं की ते जास्त मोकळेपणाने नेटवर्कवर राहतं, आणि काही मशीन चार्जर नंतर काढला तरी त्याच चालीने वागत राहतात. प्रवासाला निघताना वायफाय बंद करून झाकण लावलं तर आणखी बरं.

बॅगेत न्यायचा असेल तर हायबरनेट

हे मी सगळ्यांना सांगतो, मशीन एस ३ असो की एस ०. तासाभरापेक्षा जास्त वेळ लॅपटॉप बॅगेत राहणार असेल तर त्याला स्लीपऐवजी हायबरनेट करा. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन जवळजवळ पूर्ण बंद होतं. माउस, वायफाय, झाकणाचं चुंबक यांचा सहसा काही जोर चालत नाही, आणि उघडल्यावर काम होतं तिथेच सापडतं. पुणे-मुंबई प्रवासात बंद बॅगेत दोन-तीन तास तापत राहणं लिथियम बॅटरीचं आयुष्य कमी करतं, हे ध्यानात ठेवा.

हायबरनेट बंद असेल तर:

पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन

मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' उघडा आणि 'ऑन बॅटरी'खाली झाकण लावल्यावर 'हायबरनेट' निवडा. चार्जरवर असताना 'स्लीप' राहू द्या. स्टार्ट मेन्यूतही हायबरनेट हवं असेल तर याच पानावर वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक करून खाली टिक करा.

मधला मार्गही आहे. अ‍ॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये 'स्लीप'खालच्या 'हायबरनेट आफ्टर'ला ६० मिनिटं द्या. छोट्या विश्रांतीत स्लीप, लांबली तर आपोआप हायबरनेट.

यासाठी डिस्कवर रॅमच्या साधारण ४० टक्के जागा राखली जाते. १६ जीबी रॅम असेल तर सहा-साडेसहा जीबी. रोज लिहून एसएसडी झिजेल ही भीती अनेकांना असते. रोज एकदा ६ जीबी लिहिलं तरी वर्षाला सव्वादोन टेराबाइटपेक्षा कमी भरतं, आणि ५०० जीबीच्या साध्या एसएसडीलाही बनवणारे साधारण १५० ते ३०० टेराबाइट लिखाणाची हमी देतात.

मॅक आणि लिनक्स

मॅकबुकवर टर्मिनलमध्ये 'पीएमसेट -जी लॉग' चालवून 'वेक' आणि 'डार्कवेक' असलेल्या ओळी शोधा, कारण पुढेच लिहिलेलं असतं. डार्कवेक म्हणजे स्क्रीन न उजळता आलेली जाग, ती थोडीफार असणं स्वाभाविक आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये बॅटरी, मग ऑप्शन्स, तिथे 'वेक फॉर नेटवर्क अ‍ॅक्सेस' हे 'नेव्हर' किंवा 'ओन्ली ऑन पॉवर अडॅप्टर' करा. इंटेलच्या जुन्या मॅकबुकवर 'पॉवर नॅप'ही बॅटरीवर असताना बंद ठेवा.

लिनक्सवर प्रॉक फोल्डरमधल्या एसीपीआयच्या 'वेकअप' फाइलमध्ये उठवणाऱ्यांची यादी असते, प्रत्येकापुढे 'इनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड'. रूट होऊन त्या फाइलमध्ये यंत्राचं नाव लिहिलं की परवाना उलटतो. बदल रीस्टार्टनंतर पुसला जातो, म्हणून पक्का करायला सिस्टिमडीची छोटी सर्व्हिस लागते.

बदल टिकला का ते पाहा

एक बदल केल्यावर कमीत कमी एक पूर्ण रात्र थांबा आणि सकाळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नवी नोंद आली का ते पाहा. दोन-तीन रात्री शांत गेल्या की काम झालं. काय बदललं ते त्याच कागदावर तारखेसह लिहा. विंडोजचं वर्षाचं मोठं अपडेट किंवा नवा ड्रायव्हर आला की डिव्हाइस मॅनेजरमधल्या टिका बरेचदा परत येतात. तेव्हा फक्त 'वेक_आर्म्ड'ची यादी काढा, कागदाशी ताडून पाहा, आणि जी टिक परत आली असेल ती काढून टाका.